आमच्या विचार मंडळाचे मेहुणे

दुसऱ्याचं म्हणणं न पटणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. आमच्या हिंगोलीत तर तहसील कचेरीसमोर रोज दोन-चार उभी सापडतात. पण आपलं म्हणणं दुसऱ्याला पटलं म्हणून संतापणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ निघाला. लग्न ठरवताना लोक शेती पाहतात, नातीगोती पाहतात, मुलीच्या हातचा चहा पितात. मेहुण्याचा स्वभाव कुणी तपासत नाही. मी हे सगळं रागाने लिहितो आहे असं वाटलं तर ते खरं आहे, मी रागानेच लिहितो आहे. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेलो तेव्हा आम्ही दोघं शेजारी शेजारी जेवायला बसलो होतो. भाकरी मोडता मोडता ते म्हणाले, "माणसानं जेवताना बोलू न्हाई." मी नवा जावई, अदबीने म्हणालो, "अगदी बरोबर." त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या घराण्याबद्दल काही बोललो. "काहून बराबर?" ते म्हणाले. "मी बोललो आणि तुमी लगेच मान डोलवली. म्हणजे तुमी आयकलंच न्हाई." त्यानंतर जेवताना का बोलू नये यावर ते जेवण संपेपर्यंत बोलत होते, आणि माझं वरण पार गार झालं.

ते जनावरांचे डॉक्टर. कधी शिरड शहापूरच्या दवाखान्यात, कधी कनेरगाव नाक्याला, अशी त्यांची नोकरी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात फिरत राहिली, आणि दुर्दैवाने कुठूनही हिंगोली लांब नव्हती. माणूस अंगाने सडसडीत, मिशा आखूड, अंगाला कायम फिनाइलचा वास. शेळ्या-मेंढ्या घेऊन येणारी खेड्यातली माणसं त्यांना देवासारखी मानायची. शेळी उलट बोलत नाही, हे त्यामागचं कारण असावं असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. पण नंतर कळलं की शेळी उलट बोलत नाही याचाही त्यांना त्रास होता. "तिला काय व्हतंय ते ती सांगत न्हाई, आन तिचा मालक भलतंच सांगतो," असं ते म्हणायचे. "मग मी कुणाचं धरू?"

नव्वदच्या दशकात, हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातला एक तालुका होती तेव्हा, आम्ही काही लोकांनी एक विचार मंडळ काढलं होतं. नाव मोठं, माणसं थोडी. एक वकीलसाहेब होते, ते अध्यक्ष, कारण त्यांच्या घरची बैठकीची खोली सगळ्यांत मोठी होती. कॉलेजातले एक प्राध्यापक होते, ते वक्ते, कारण त्यांना वाचून दाखवायची सवय होती. एक मुख्याध्यापक होते, बौद्ध धम्माचा चांगला अभ्यास असलेले, शांत, आणि बोलण्यापूर्वी चष्मा पुसणारे. मी पाटबंधारे खात्यातला कारकून, मी ऐकायला. शिवाय येणारे-जाणारे. दर रविवारी दुपारी एकेकाच्या घरी बसायचं, कुणीतरी एक विषय मांडायचा, सुख म्हणजे काय, मृत्यू म्हणजे काय, आणि बाकीच्यांनी त्यावर भर घालायची. मग मुरमुऱ्यांचा सुशिला आणि चहा. सगळ्यांना सगळं पटायचं, आणि संध्याकाळी घरी जाताना आपण आठवडाभर पुरेल एवढे सुज्ञ झालो आहोत असं वाटायचं. असं आमचं मंडळ होतं. त्यात माझे मेहुणे आले.

आले ते योगायोगाने. रविवारी बहिणीला भेटायला म्हणून घरी टपकले, तर बैठक नेमकी आमच्याकडेच. पिशवी दाराशी ठेवून ते उंबऱ्याजवळ बसले. प्राध्यापक वाचत होते, "सुख बाहेर कुठेही नाही, ते आत आहे." मेहुण्यांनी हात वर केला. आमच्या मंडळात हात वर करायची पद्धत नव्हती, कारण कुणाला काही विचारायचंच नसायचं. "आत म्हणजे कुठं?" त्यांनी विचारलं. प्राध्यापक प्रेमाने म्हणाले, "आत म्हणजे अंतरंगात." "तेच विचारून राहिलो," मेहुणे म्हणाले. "मी रोज जनावराच्या आत हात घालतो, काखेपोतर. तिथं काय काय असतं मला ठाऊक हाय. तुमी म्हणता ते कुठं असतं?" सगळे हसले. ते हसले नाहीत. विनोद करायला ते आलेच नव्हते. त्यांना उत्तर पाहिजे होतं. ते काही मिळालं नाही. पुढच्या रविवारी वकीलसाहेबांच्या घरी ते सगळ्यांच्या आधी येऊन बसलेले होते.

त्यानंतर माझे रविवार गेले ते गेलेच. त्यांच्या एकेक सवयी सांगू लागलो तर आजही माझा रक्तदाब वाढतो. प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत ते चहाला हात लावत नसत. कप पुढ्यात, त्यावर साय, आणि ते वाट पाहत बसलेले. यजमानीणबाई बिचारी येऊन कप आत नेणार, गरम करून आणणार, तर तोवर दुसरा प्रश्न निघालेला. राग आला की ते उभे राहायचे. बसून भांडणं त्यांना जमतच नसे. उभं राहून भांडून झालं की तसेच निघून जायचे, आणि जाताना दुसऱ्याच्या चपला घालून जायचे. सोमवारी सकाळी त्या चपला घेऊन मला गावभर फिरावं लागे, कारण मी पडलो दाजी. बुधवारी ते आमच्या ऑफिसात उगवायचे. खुर्ची ओढून, साहेब समोर असताना विचारायचे, "दाजी, त्या दिवशी प्राध्यापक म्हणला, सगळं आधीच ठरलेलं असतं. मग तो वरणात मीठ कमी हाय म्हणून काहून बोंबलत होता?" साहेबांना वाटायचं, ही पाटबंधाऱ्याची काहीतरी तक्रार आहे.

एकदा कनेरगाव नाक्याहून हिंगोलीला त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून येत होतो. माणसाला स्वतःची इच्छा असते की नसते, असा वाद चालला होता. चालला होता म्हणजे ते बोलत होते, आणि बोलताना माझं तोंड दिसावं म्हणून दर दोन वाक्यांनी मागे वळत होते. वळता वळता गाडी मेंढरांच्या कळपात घुसली. सुदैवाने कुणाला लागलं नाही. मेंढरं चारी बाजूंनी फुटली, आणि आम्ही मधोमध. मला वाटलं, आता तरी गप्प बसतील. त्यांनी गाडी तिथेच बंद केली आणि मेंढपाळालाच विचारलं, "काय हो, ही मेंढरं आत्ता पळाली, ती आपल्या मनानं पळाली का?" तो माणूस त्यांना ओळखत होता. डॉक्टर एवढ्या उन्हात कळपात आले म्हणजे लस टोचायलाच आले असणार, असं समजून त्याने एकेक मेंढरू धरून पुढे करायला सुरुवात केली. मग काय, मेहुण्यांनी पिशवीतून औषध काढलं आणि उन्हात बसून दोन-चार मेंढरांचे खूर साफ केले. मी रस्त्याच्या कडेला उभा. वाद मात्र संपला नाही, तो हिंगोलीच्या नाक्यावर पुन्हा सुरू झाला.

वकीलसाहेबांनी त्यांना मंडळातून काढायचं मनात घेतलं ते एका पाहुण्या वक्त्यामुळे. नांदेडहून एक निवृत्त अधिकारी 'समाधान' या विषयावर बोलायला आणले होते. तास-सव्वातास फार छान बोलले. शेवटी मेहुण्यांचा हात वर. "तुमी समाधानी हायेत का?" पाहुणे मंद हसून म्हणाले, "हो, पूर्ण." "मग हिंगोलीला काहून आलात?" वकीलसाहेबांनी त्यानंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमच्या मेहुण्यांना जरा आवरा." मी म्हणालो, "साहेब, ते माझ्या बायकोच्या आवाक्यात नाहीत, माझ्या कुठून असणार?" हे मी म्हणालो खरं, पण ते चुकीचं होतं. ते तिच्या आवाक्यात होते की नव्हते, हे तोवर कुणीच पाहिलेलं नव्हतं.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. बैठक वकीलसाहेबांकडे होती. प्राध्यापक आत्म्यावर वाचत होते. आत्म्याला लिंग नाही, स्त्री-पुरुष हा केवळ देहाचा भेद आहे, असं मोठं सुंदर वाक्य त्यांनी थांबून थांबून वाचलं. आम्ही माना डोलवल्या. मेहुणे उभे राहिले. "आत भांडी वाजून राहिली," ते म्हणाले. "ते कोण हाय?"

"आमच्या घरातली मंडळी," वकीलसाहेब म्हणाले.

"त्यांना आत्मा हाय का?"

"आहे. सर्वांनाच असतो."

"त्याला लिंग न्हाई?"

"नाही."

"मग त्यो तिकडं चहा काहून करून राहिला? आपल्यातला एक आत्मा आत जाऊ द्या, त्यांचा बाहीर येऊ द्या."

वकीलसाहेबांचा चेहरा तांबडा झाला. काही बोलणार तेवढ्यात वकीलीणबाईच पदर खोचून दारात आल्या. "मला नाही बसायचं तुमच्यात," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकते आहे. चिवडा संपला की तुमचं तत्त्वज्ञान संपतं, हे मला माहीत आहे." आणि आत गेल्या. खरं म्हणजे विषय तिथेच संपायला हवा होता. पण मेहुण्यांना वकीलसाहेबांचा जेवढा राग आला होता, तेवढाच वकीलीणबाईंचाही आला. आपल्यासाठी कुणी भांडत असताना माणूस आत कसा जाऊ शकतो, हे त्यांना कळेना. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की ज्या घरची बाई बैठकीत बसणार नाही, त्या घरी ते पाण्याचा थेंबही घेणार नाहीत.

पुढचा रविवार मुख्याध्यापकांकडे होता. त्यांच्या बाई सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या, नुकत्याच ड्युटीवरून आलेल्या. मेहुण्यांनी त्यांना बसायचा आग्रह केला तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मला आत्ता आत्मा नको, झोप पाहिजे." मेहुणे भर उन्हाळ्यात तहानलेले बसून राहिले. प्राध्यापकांची पाळी आली त्या दिवशी त्यांच्या पत्नी नेमक्या माहेरी गेल्या. गावातल्या बायका एकमेकींना भेटल्या की माझ्या बायकोला ऐकवायच्या, "तुमच्या भावाला सांगा, स्वयंपाकही आम्हीच करायचा आणि वर चर्चाही आम्हीच करायची का?" ती घरी येऊन माझ्यावर चिडायची. भाऊ तिचा, सिद्धांत त्याचा, आणि बोलणी खायला मी.

मग आमच्या घरची पाळी आली. आठवडाभर घरात तणाव होता. विमल म्हणजे माझी बायको. लग्नापासून तिने बैठकीच्या खोलीत चारचौघांसमोर कधी तोंड उघडलेलं मला आठवत नाही. स्वयंपाकघरात मात्र कधी मिटलेलंही आठवत नाही. "मी न्हाई बसणार," ती म्हणत होती. रविवारी मेहुणे सकाळीच आले. सोबत दूध आणलं होतं. चहा आपणच करणार असं सांगून त्यांनी बहिणीला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. तो चहा कसा होता हे सांगायचं तर, पोट फुगलेल्या बैलाला बांबूच्या नळीने जे पाजतात त्यात दूध घालून पाहावं. सतरंजी त्यांनीच अंथरली, आणि मधोमध बहिणीला बसवलं. ती पदर सावरून, गुडघे जवळ घेऊन, खाली मान घालून बसली. लग्नाच्या फोटोत बसली होती तशी.

त्या दिवशीचा विषय न्याय. प्राध्यापकांनी वाचलं, मुख्याध्यापक चष्मा पुसून चार वाक्यं बोलले, आणि मग मेहुणे उभे राहिले. त्या दिवशी ते फार रंगात होते. अन्याय करणाऱ्यापेक्षा तो पाहून गप्प बसणारा जास्त मोठा गुन्हेगार, असा त्यांचा मुद्दा. आपण सगळे कसे गप्प बसणारे आहोत, हे त्यांनी आम्हा एकेकाकडे बोट दाखवून सिद्ध केलं. ते खाली बसल्यावर वकीलसाहेब अगदी गोड आवाजात म्हणाले, "वहिनी, तुमचं काय मत आहे?" त्यांना जुना हिशेब चुकता करायचा होता, बाई लाजून आत पळेल आणि डॉक्टरांची फजिती होईल, असा त्यांचा अंदाज.

विमल लाजली नाही. मान वर करून तिने भावाकडे पाहिलं. "दादा," ती म्हणाली, "मला सातवीनंतर घरी काहून बसवलं?"

मेहुणे जरा गोंधळले. "बाबांनी बसवलं."

"बाबांनी बसवलं. तू तवा कुठं व्हतास?"

"तिथंच व्हतो."

"मग काय म्हणलास?"

ते उभे राहिले. आम्हाला वाटलं, आता वीज पडणार. इतक्या वर्षांत त्यांना उत्तर सापडत नाही असं मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि मला मौज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. ते दारापर्यंत गेले, चपला घातल्या, वकीलसाहेबांच्या, आणि निघून गेले. विमलने कप गोळा केले आणि आत गेली. मला शाळेची आवडच नव्हती, असं ती मला लग्नापासून सांगत आली होती.

त्यानंतर बरेच रविवार मेहुणे आले नाहीत. ऑफिसातही नाहीत, घरीही नाहीत. मी म्हटलं, सुटलो. पण सुटलो म्हणावं तर तसं काही वाटेना. मंडळ पूर्ववत सुरू झालं. प्राध्यापक वाचायचे, आम्हाला पटायचं. चहा गरम असतानाच चर्चा संपायची आणि मग कापसाला काय भाव चाललाय यावर गप्पा. वकीलसाहेबच एकदा चिडून म्हणाले, "अहो, ते तुमचे मेहुणे कुठे मेले? इथे बसून आपण एकमेकांकडे बघून माना हलवतोय नुसत्या." एक गोष्ट मात्र बदलली होती. विमल आता माझ्याबरोबर बैठकीला यायला लागली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, मी तर नाहीच. एका रविवारी मी चप्पल घालत होतो, तीही घालू लागली. विचारलं तर म्हणाली, "चला ना. उशीर व्हईल." तिकडे जाऊन ती काही बोलत नसे. ऐकायची आणि मधूनच दाराकडे बघायची.

आणि एका रविवारी, मुख्याध्यापकांच्या घरी, ते दारात उभे राहिले. बारीक झाल्यासारखे वाटले. मुख्याध्यापक "या, या, बसा" म्हणाले. ते बसले नाहीत. "विमलच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं," ते म्हणाले. "ते देतो, मग बसा म्हणा नायतर जा म्हणा."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा डोंगरकड्याला. घरात सायकल एक. ते दहावीत आणि विमलची सातवी संपलेली. मास्तर घरी येऊन म्हणाले होते, पोरगी हुशार आहे, भावाच्या मागे बसून जाईल, नाव घाला. वडिलांचा नकार नव्हता. त्यांनी मुलालाच विचारलं होतं, नेशील का रे बहिणीला डबलसीट?

"मी म्हणलो, बाबा, रस्त्याला चढ हाय, डबल घेऊन मला चढवत न्हाई," मेहुणे म्हणाले. "बाबा कधी तिकडून गेलेच नव्हते, त्यांनी धरलं माझं. खरं म्हणजे बहिणीला मागं बसवून पोरांच्या समोरून जायची मला लाज वाटायची. आन सायकल एकट्याला पाहिजे व्हती. बाबांनी न्हाई बसवलं तिला. मी बसवलं."

वकीलसाहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी सावरून घ्यायचा प्रयत्न केला. "अहो, लहान होता तुम्ही. आणि डोंगरकडा म्हटल्यावर थोडाफार चढ असणारच की."

झालं. मेहुणे उसळले. एवढ्या दिवसांचा साठलेला संताप बाहेर आला, आणि तो सगळा त्यांनी स्वतःच्या बाजूने बोलणाऱ्या माणसावर काढला. "डोंगर नावात हाय, साहेब. रस्त्यात न्हाई. आमच्या गावाकडून पार शाळेपोतर सपाट हाय. तुमी माझं खोटं काहून खरं करून राहिले?"

सगळे विमलकडे पाहू लागले. मीही. ती ज्या भिंतीला टेकून बसली होती तिथूनच म्हणाली, "मला ठाऊक हाय चढ न्हाई ते. तू परीक्षेला गेला व्हतास तवा मी एकदा पायी जाऊन आले व्हते. शाळेच्या फाटकापोतर." मग म्हणाली, "समदा रस्ता बघत गेले, चढ कुठं लागतो म्हणून."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. सिस्टरबाई आतल्या दाराशी येऊन उभ्या होत्या. मेहुणे बहिणीसमोर जमिनीवर बसले. ती रडली नाही, त्यांना माफ केलं असंही म्हणाली नाही, पायावर डोकं वगैरे तर काहीच झालं नाही. "तिथं नको, भिंतीला बस," एवढंच म्हणाली. "तुझी पाठ दुखती."

यानंतर सगळं गोड झालं असेल असं कुणाला वाटत असेल तर तो माझ्या सासरच्या माणसांना ओळखत नाही. माझी शिक्षा दुप्पट झाली. आधी एक भांडणारा होता, आता दोन झाले, आणि दुसरा माझ्याच घरात राहत होता. विमलने एकदा स्वतः विषय मागून घेतला. क्षमा. उभी राहून, कागद न घेता बोलली. क्षमा मागणाऱ्याला ती लगेच मिळाली की त्याचं काम संपतं आणि देणाऱ्याचं सुरू होतं, म्हणून देणाऱ्याने घाई करू नये, असं काहीसं तिचं म्हणणं होतं. मेहुणे उठून उभे राहिले आणि तिच्याशी कडाडून भांडले. घाई करू नये तर किती थांबावं, आणि तोवर दुसऱ्याने करायचं काय? ती म्हणाली, "तोवर त्यानं यावं दर रविवारी आन बसावं." ते दर रविवारी आले. बदली झाली तरी आले. सणावाराला आधी बहिणीच्या दारात त्यांची मोटारसायकल वाजायची. राखी बांधताना ते दोघं ओवाळण्याच्या प्रथेवर भांडायचे आणि निरांजन विझून जायचं. मी मधे बोललो तर दोघंही एकदम माझ्यावर उलटायचे. सिस्टरबाई पुढे झोप झाली असेल त्या रविवारी येऊन बसू लागल्या. वकीलीणबाई शेवटपर्यंत बसल्या नाहीत. पण भिंतीपलीकडून मधूनच एखादं वाक्य टाकायच्या, आणि ते इतकं नेमकं असायचं की वकीलसाहेब खाकरून विषय बदलायचे.

हिंगोली जिल्हा झाली, कचेऱ्या वाढल्या, घरोघरी टीव्ही सकाळपासून चालू राहू लागले. प्राध्यापक मुलाकडे औरंगाबादला गेले. वकीलसाहेब वारले. मेहुणे निवृत्त होऊन हिंगोलीतच आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायला आले, म्हणजे उरलेले वारही गेले. मंडळ म्हणजे आता मुख्याध्यापक, सिस्टरबाई, आम्ही दोघं आणि ते. बहुतेक वेळा आमच्याच घरी.

मग त्यांचे कान गेले. हळूहळू गेले आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. यंत्र आणलं तर ते शिट्ट्या मारतं म्हणून डब्यात ठेवून दिलं. आम्हाला कळलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. ते मान डोलवायला लागले. मुख्याध्यापक काही म्हणाले, मान डोलवली. मी अगदी चुकीचं, मुद्दाम चुकीचं काही म्हणालो, मान डोलवली. चेहऱ्यावर एक ओशाळं हसू. एवढी वर्षं ज्या माणसाने मला सुखाने मान डोलवू दिली नाही, तो आता माझ्यासमोर बसून निमूटपणे सगळ्याला हो म्हणत होता. मला इतका संताप आला की मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. कुणावर संतापलो होतो कोण जाणे.

आत आलो तेव्हा विमल आपली जागा सोडून त्यांच्या शेजारी जाऊन बसली होती. मुख्याध्यापक काय म्हणाले ते त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगत होती. त्यांनी ऐकलं, अर्धंमुर्धं. मग तिचा हात धरून म्हणाले, "मला न्हाई आता जमत, विमल. माझ्यासाठी तू भांड."

"तुझ्यासाठी काहून?" ती तडकून म्हणाली. "मी माझ्यासाठी भांडते."

ते त्यांना ऐकू गेलं नाही. तिच्या कपाळावरच्या आठ्या तेवढ्या दिसल्या. त्यांचं समाधान झालं असावं, कारण ते भिंतीला टेकले, आणि बैठक संपेपर्यंत एका शब्दाचाही अर्थ न लागता तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.